पहिली ओळ माझी होती

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे, बिबट्या धरायचा. आधीच सांगून टाकतो, एका बंदुकीवर मी जळतो.

वारूळवाडीच्या वेल्डरनं मला बनवलं. मागच्या कप्प्यात शेळी, पुढे सरकतं दार. बिबट्या आत शिरला, फळीवर पाय पडला, की दार खाली येतं. शेळीला ओरखडाही उठत नाही. असे अकरा बिबटे मी धरले. लोक बिबट्याचे फोटो काढत. माझे त्यात नुसते गज येत.

मागच्या हिवाळ्यात राजुरीची साळुबाई उसाच्या बांधावर गवत कापायला वाकली होती. बिबट्यानं तिला धरलं. नवरा सोपान पलीकडच्या वावरातून धावत आला, तेव्हा ती गेली होती. विळा तेवढा बांधावर पडला होता.

मला त्याच बांधावर ठेवलं. वरून हुकूम आला. वनरक्षक तेजस्विनीताईंनी तो माझ्याशेजारी उभं राहून वाचला. त्यात दोन ओळी होत्या. संशयित बिबट्याला आधी पकडा आणि तोच आहे का ते तपासा. पकडता येतच नसेल, तरच गोळी घाला.

पहिली ओळ माझी होती. दुसरी बंदुकीची. ती मऊ अस्तराच्या पेटीत, जीपमध्ये. मी उन्हात.

साळुबाईचा भाऊ बहिरू म्हणाला, "टीव्हीवर दावत्यात न्हाई का, अतिरेकी कुठं लपलाय कळलं की सरकार थेट उडवतं. तिथं कोण तपासत बसतं, ताई?"

"आणि घर चुकलं तर, भाऊ?" ताईंनी विचारलं.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. तासभर सगळे बसून राहिले. शेवटी सोपान हात जोडून म्हणाला, "साळे, त्याला गोळी घातल्याबिगर मी ऱ्हात न्हाई." लगेच कावळा शिवला. गाव म्हणालं, तिची इच्छा हीच होती. बांधावर लोक हेच बोलत, म्हणून मला कळलं.

शेळीचं चारापाणी सोपानकडे होतं. त्या दिवसापासून तो दिवस मावळायच्या आत शेळी काढून घरी नेई आणि ताई यायच्या आधी परत आणून बांधी. बिबट्या दोनदा आला, माझ्याभोवती फिरला, वास घेतला आणि निघून गेला. रिकाम्या कप्प्यासाठी आत कोण येईल?

दहाव्यानंतर पाचव्या दिवशी कागदावर लिहिलं गेलं, पिंजऱ्याचा उपयोग झाला नाही. मला तोंड असतं तर तेव्हा बोललो असतो.

मग दुसरी ओळ आली. संध्याकाळी उसातून एक बिबट्या बाहेर पडला आणि बंदुकीनं एका गोळीत त्याला पाडलं. लोकांनी तिला कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. बहिरूनं मला लाथ घातली. "ह्या डबड्याचा काय उपेग झाला, राव?" लाथेचं काही वाटलं नाही. पण तो हार मला हवा होता.

तीन आठवड्यांनी तपासणीचा कागद आला. साळुबाईच्या लुगड्यावरचे केस त्या बिबट्याचे नव्हते. ताई सोपानला हे सांगायला वावरातच आल्या. तो माझा गज धरून खाली बसला.

"शेळी मीच काढत व्हतो, ताई."

ताई त्याच्याशेजारी खाली बसल्या. मग म्हणाल्या, "हुकमात संशयित लिहिलं होतं, भाऊ."

"आमी 'त्योच' ऐकलं. आता साळूला काय सांगू?"

ताईंनी त्याचं बोलणं लिहून घेतलं. त्यानं सही केली. मग घरी गेला आणि शेळी घेऊन आला. माझ्या दाराच्या खाचेत त्यानं गोडंतेल सोडलं, दार चार वेळा वरखाली करून पाहिलं.

साळुबाईला धरणारा बिबट्या अजून उसात आहे. त्याच बांधावरून पोरं शाळेत जातात.

मित्रांनो, मी चुकीचा बिबट्या धरला, तर माझं दार पुन्हा उघडता येतं. बंदुकीला तेवढं जमत नाही. म्हणून पहिली ओळ आधी नीट पुरी करा, आणि माझ्या दाराला तेल देत जा.

मी तिच्यावर अजून जळतो. मला हार कुणी घातलेला नाही. पण आता रोज संध्याकाळी माझ्यात शेळी असते, आणि दार उघडं असतं.