रुमालाखालची भाकरी

कांद्याच्या मार्केटात जन्म काढलेला माणूस कांद्याच्याच सालीवरून घसरून पडावा, ह्याहून मोठी चेष्टा ती काय! पण सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात तुर्भ्याचे कांद्याचे दलाल कृष्णातराव पडले खरे. मणका असा दुखावला की डॉक्टरांनी अफूच्या जातीची कडक गोळी दिली. शुगरचं इंजेक्शन तर आधीपासून चालूच होतं.

त्यांच्या बायकोला, बाळाबाईंना, डॉक्टरांनी बाजूला घेऊन बजावलं, "गोळीनं गुंगी येणार, भूक मरणार. पण इंजेक्शन घेऊन पोटात काही गेलं नाही, तर साखर एकदम खाली जाईल. तेव्हाही माणूस गुंगलेलाच दिसतो. गोळीची झोप समजून गाफील राहाल आणि माणूस हातचा जाईल. घाम येतोय का बघा."

घाम म्हणे! मे महिन्यात तुर्भ्याला पत्र्याखाली घाम कुणाला येत नाही? बाळाबाई पुरत्या घाबरल्या. नवरा खडूस होता, पण होता तो एवढा एकच.

मात्र नवऱ्याची एक खोड कामी आली. मार्केटात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालायचा, जितकी बोटं धराल तितका भाव. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. गड्याला घरीसुद्धा तीच सवय. जेवणाची वेळ झाली की टॉवेल पुढं! बाळाबाई चार बोटं धरायच्या, म्हणजे चार भाकरी. कृष्णातराव त्यांच्या करंगळीचं अर्धं पेर दाबायचे. मग ओढाताण, रुसवा, "अवो, लाज कशी वाटत न्हाई!" आणि शेवटी दीडवर सौदा पटायचा. डॉक्टरांनीही दीडच सांगितली होती. चार हा बाळाबाईंचा नुसता सांगायचा भाव.

एके दिवशी सकाळचं इंजेक्शन झालं. न्याहारी मात्र कृष्णातरावांनी चोरून खिडकीतल्या मांजराला घातली, हे नंतर कळलं. दुपारी बाळाबाई ताट घेऊन आल्या, तर हे डोळे मिटून पडलेले. शेजारच्या चांगुणाबाई विरजण मागायला आल्या होत्या.

"टेन्शन नका घेऊ वैनी. गोळीची झोप हाय, झोपू द्या."

बाळाबाईंनी टॉवेल टाकला, खाली हात घातला आणि चार बोटं धरली. कृष्णातरावांनी हळूच चार बोटं दाबली. कबूल!

बाळाबाईंनी झटकन हात बाहेर काढला.

"चांगुणाबाई, साखर आना! पळा!"

"अवो, पन झोप..."

"झोप कसली डोंबलाची! ह्यो मानूस लग्नातबी पयल्या भावाला हो म्हनला न्हाई!"

नवऱ्याला त्यांनी मागं उशी लावून बसवलं आणि तो गिळतोय का हे बघत चमच्याचमच्यानं साखरपाणी दिलं. एकीकडं डोळे गळत होते, दुसरीकडं तोंड चालू होतं. "चार भाकरी म्हनं! खायच्या हायत ना? मग उठा की!"

बऱ्याच वेळानं कृष्णातरावांनी डोळे उघडले. चांगुणाबाई डॉक्टरांना बोलवायला निघाल्या.

"तोंड गोड का लागतंय?" कृष्णातरावांनी विचारलं. "आनि सौदा कितीवर झाला?"

"चारवर. शब्द दिलाय तुमी."

"चार? शुद्धीत नव्हतो मी. सौदा मोडला!"

टॉवेल अजून तिथंच होता. बाळाबाईंनी त्याच्याखाली हात घातला.

"ह्यो कसला भाव? सगळा पंजाच धरलायस. पाच?"

"भाव न्हाई," बाळाबाई म्हणाल्या. "हात धरलाय नुसता."

कृष्णातरावांनी टॉवेल ओढून बाजूला टाकला. चांगुणाबाई दारातच थांबून बघत होत्या, तरी त्यांनी बायकोचा हात सोडला नाही. आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी तोंडानं भाव सांगितला.

"दीड. वाढ."