न दिसणारी पावडर

नर्सबाईंनी बरणीत बोट बुडवलं आणि हिरवट शेंबडाची लांबच लांब तार पहिल्या बाकापर्यंत ओढली. होता नुसता डिंक आणि रंग, पण वर्ग किंचाळला. मागे उभ्या असलेल्या मुख्याध्यापिकांनी नाकाला रुमाल लावला.

"याला शिक्षण म्हणायचं?" त्या मुलांसमोरच म्हणाल्या. "गेल्या महिन्यात तुमचे ते खरजेचे खोटे फोड बघून दोघं दोन दिवस जेवली नाहीत."

"पण हात धुवायला लागली ना?"

दोघींचं पहिल्या दिवसापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. आजचा प्रयोग पटला नाही, तर नर्सबाईंच्या असल्या सामानाच्या पेट्यांना शाळेत पुन्हा प्रवेश नव्हता. नर्सबाईही इरेला पेटल्या होत्या. किळस आल्याशिवाय पोरं ऐकत नाहीत, असं त्या वीस वर्षं छातीठोकपणे सांगत आल्या होत्या.

प्रयोग साधा होता. सकाळी एकाच मुलाच्या तळव्यांना न दिसणारी पावडर चोळायची. ती साध्या पाण्याने जात नाही आणि जांभळ्या उजेडात चकाकते. मधली सुट्टी संपली की टॉर्च फिरवायचा, म्हणजे एकाचे जंतू किती जणांकडे गेले ते दिसतं. इतर शाळांत निम्मा वर्ग चकाकायचा. आज त्यांनी कोपऱ्यात एकटीच बसलेली मुलगी निवडली होती. ही तोंड उघडणार नाही, असं वाटलं म्हणून. "हे खोटे जंतू आहेत, कुणाला सांगू नकोस," एवढंच तिला सांगितलं होतं.

पडदे ओढले. टॉर्च बाकांवरून फिरला. पहिली रांग कोरी. दुसरीही कोरी. नर्सबाईंनी टॉर्च तळहातावर ठोकून पाहिला.

"तुमचे जंतू संपावर गेले वाटतं," मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्यांना मनापासून आनंद झाला होता.

कोपऱ्यात मात्र मुलीचे दोन्ही तळवे लख्ख चकाकले. तिची बाटली चकाकली, डबा, बाकाची कड. त्यापलीकडे काही नाही.

"सुट्टीत खेळली नाहीस का गं?" नर्सबाईंनी जरा तडकूनच विचारलं.

उत्तर पुढच्या बाकावरून आलं. "तिला घेत नाही आम्ही. तिला खरूज झालेली."

"अरे, ती केव्हाच बरी झाली! मीच तर औषध दिलं होतं."

"पण तुम्हीच दाखवलंत ना ते? पू वगैरे, शी! हात लावला की होतं म्हणालात."

नर्सबाईंनी टॉर्च खाली केला. त्यांनी मुख्याध्यापिकांकडे पाहिलं. त्या रुमालाची घडी घालत होत्या.

मुलगी उठून उभी राहिली. सगळा वर्ग आज पहिल्यांदा तिच्याकडे बघत होता, आणि ती खूश होती.

"कुणालाच नाही ना लागले जंतू, बाई?" ती म्हणाली. "मी जवळपण नाही गेले कुणाच्या."