हज्जा म्हणू नका

जाकार्तापासून दूर, खाडीकाठच्या एका गावात शुक्रवारची सकाळ होती. उपे चुलीपाशी बसून नारळाच्या दुधात शिजवलेला भात केळीच्या पानांत बांधत होती. हजहून परतल्यापासून सगळे तिला मानानं हज्जा म्हणत, आणि तिच्या खांबांवरच्या घराच्या शिडीला उसंत नव्हती. बायका येत, तिचा हात कपाळाला लावत, मक्केहून आणलेलं झमझमचं घोटभर पाणी मागत.

"हज्जा, हजच्या रांगेत आमचा नंबर लागेपर्यंत आम्ही मातीत असू," शेजारीण म्हणाली. "तुमचा बरा चटकन लागला!"

"लेकाची पुण्याई, दुसरं काय!" उपेचा ऊर भरून आला.

लेक सैनुद्दीन जिल्ह्याच्या पर्यावरण कचेरीत मोठा साहेब होता. कारखान्यांनी सांडपाणी कुठं सोडायचं, हे त्याच्या सहीनं ठरे. मागच्याच वर्षी बँकॉकला अनेक देशांची परिषद भरली होती. स्वच्छ कारभारावर त्यानं तिथं केलेल्या भाषणाला भरपूर टाळ्या पडल्या होत्या.

बायका गेल्या आणि उपेची धाकटी बहीण हलिजा शिडी चढून आली. ती खाडीपलीकडे लासोंगीला राहायची, मासे धरून पोट भरायची. आली की तिची पाटी मासळीनं ओथंबलेली असे. आज तिच्या हाती पाटीच नव्हती.

"काय गं, बहिणीला विसरलीस?"

"विसरते कुठली! खाडीत आहे काय आणायला?" हलिजानं लुंगी गुडघ्यापर्यंत वर केली. पोटऱ्यांवर लालभडक चट्टे उठले होते. "धातूच्या कारखान्याचा नाला खाडीत सोडलाय, ताई. पाणी विटेसारखं तांबडं झालंय. पोरं आंघोळ करून आली की रडतात. आणि गावात सगळे म्हणतात, सही तुझ्या सैनूची आहे."

"लोकांच्या जिभेला काय हाड असतं?"

"मग विचार त्याला. नाहीतर मावशीच्या पायाला मलम तरी पाठव म्हणावं."

उपेला राग आला. ती काही बोलणार तोच खाली गाडी थांबली. सैनुद्दीन आणि त्याची बायको हस्निदार घाईघाईनं वर आली. मावशीला पाहून तो दचकला, पण तिला जा म्हणायलाही त्याला उसंत नव्हती.

"आई, आत्ता काही लोक येतील. जाकार्ताहून एक बाई आणि एक परदेशी माणूस. तुझ्या हजबद्दल विचारतील. तू एवढंच सांग, की नारळाची बाग विकली आणि त्यातून गेले."

"बाग कुठं विकली मी? उभी आहे की ती."

"म्हणायचं फक्त!"

उपेचे हात थांबले. "सैनू, मला कोणी पाठवलं हजला?"

उत्तर हस्निदारनं दिलं. "धातूच्या कारखान्याच्या कंपनीनं, आई. रांगेबाहेरच्या महागड्या जागेचे पैसे त्यांनीच भरले. त्यात एवढं काय? सगळेच घेतात. ईदला टोपल्या येतात, आपणही वरच्या साहेबांकडे पाठवतो. रीतच आहे ही. न घेणाऱ्याला लोक येडा म्हणतात."

"आणि घेणाऱ्याला?" हलिजानं विचारलं.

"मी मागितलं नव्हतं गं," सैनुद्दीनचा आवाज चिरकला. "तूच म्हणायचीस, मरायच्या आधी काबा बघायचाय. रांगेत राहिलो असतो तर तुझ्या हयातीत नंबर आला नसता. तुझ्यासाठी केलं मी! आता खरं बोललीस तर मी तुरुंगात जाईन. नातवंडांकडे बघ."

शिडी वाजली. पाहुणे आले होते.

लाचखोरीची चौकशी करणाऱ्या जाकार्ताच्या रेत्नोबाईंनी सैनुद्दीनला खाली थांबायला सांगितलं. पण घर खांबांवरचं, फळ्यांचं. फळ्यांखालून त्याचे बूट करकरताना वर ऐकू येत होते. परदेशी अधिकारी चटईवर मांडी घालून अवघडून बसला. हस्निदारनं चहा ठेवला.

"एवढ्या लांबून एका म्हातारीच्या हजची चौकशी करायला आलात?" उपेनं विचारलं.

"कंपनी यांच्या देशातली आणि खाडी आपली," रेत्नोबाई म्हणाल्या. "लाच तिकडून निघते, इकडे पोचते. एकट्या देशाला अर्धीच वाट दिसते, म्हणून दोघं मिळून चालतोय."

परदेशी माणूस काहीतरी हळू बोलला. रेत्नोबाईंनी सांगितलं, "ते म्हणतात, हीच कंपनी त्यांच्या गावच्या नदीत घाणीचा थेंबही सोडत नाही. तिथं तिची छाती होत नाही."

हलिजानं आपले पाय लुंगीखाली ओढून घेतले.

"मावशी, हजचा खर्च कोणी केला?" रेत्नोबाईंनी उपेला विचारलं.

खालचे बूट थांबले. एक वाक्य बोललं की लेक वाचणार होता. पोटच्या पोरासाठी आया काय काय करतात! तिनं बहिणीकडे पाहिलं. हलिजा मान खाली घालून बसली होती. ती काहीच मागत नव्हती.

"तिथं मक्केजवळ, अराफातच्या मैदानात," उपे कशीबशी म्हणाली, "मी हिच्यासाठी रडून दुआ मागितली. म्हटलं, माझ्या बहिणीच्या जाळ्यात बरकत दे. आणि मी गेले होते ते हिचं जाळं रिकामं करून! बाग उभी आहे, बाई. जाऊन बघा. मी काही विकलं नाही. माझ्या लेकानं खाडी विकली."

हस्निदारनं तोंडाला ओढणी लावली.

उपेनं फळीवर हात आपटला. "सैनू, वर ये! मी बोलले म्हणून पकडला गेलास, तर चोर. स्वतः बोललास, तर निदान माणूस म्हणून जाशील."

खाली गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मग दार पुन्हा लागलं आणि शिडीची पहिली पायरी करकरली.

त्या दुपारी सैनुद्दीननं सगळं सांगितलं. पुढं त्याला शिक्षा झाली. कंपनीच्या बड्या माणसांवर त्यांच्या देशात खटला उभा राहिला, आणि दोन्हीकडच्या हुकमानं नाला बंद झाला. खाडी मात्र अजून तांबडीच आहे. कारखान्यातली कामं गेली तेव्हा कित्येकांनी उपेच्या अंगणात थुंकून शिव्या घातल्या. पोराला गिळणारी आई, असं तिला तोंडावर म्हटलं. हज्जा अशी हाक कोणी मारली, तर ती सांगे, "हज्जा म्हणू नका. उपे म्हणा."

ईद आली. सैनुद्दीनच्या जागी आलेल्या नव्या साहेबाच्या घराकडे रंगीत कागदांत बांधलेल्या टोपल्यांच्या गाड्या निघाल्या. फाटकापाशी उपे आणि हलिजा चटई टाकून बसल्या होत्या. प्रत्येक गाडीला उपे एकच विचारी, "कोणाकडून? आणि त्याला काय हवंय?"

पहिला गाडीवाला हसला. दुसऱ्यानं दमदाटी केली. तिसऱ्यानं थोडा वेळ विचार केला आणि गाडी वळवली. आतून साहेबाच्या बायकोनं पडदा सारून पाहिलं आणि पुन्हा ओढून घेतला.

ऊन चढलं, तेव्हा रस्त्यानं हस्निदार येताना दिसली. लोकांच्या नजरा चुकवत ती फाटकापाशी आली आणि उभीच राहिली. उपेनं थोडं सरकून चटईवर तिला जागा करून दिली.

समोरून आणखी एक गाडी येत होती.

"याला मी विचारते, आई," हस्निदार म्हणाली.