टेकडी, नदी आणि लाल लाइन

प्रबोधला आयुष्यात फार काही नको होतं. सिंगापुरात चोआ चू कांगचा फ्लॅट झाला होता, कायम राहायचा पीआर मिळाला होता, बँकेतली नोकरी कंटाळवाणी असली तरी शाबूत होती. त्याला फक्त एकदा, अगदी एकदाच, पंगतीला बसायचं होतं.

म्हणजे त्याची उपासमार चालली होती असं कुणी समजू नये. संजीवनी त्याला व्यवस्थित खाऊ घालत होती आणि ते त्याच्या शर्टाच्या बटणांकडे पाहून कळतही होतं. पण ही पंगत वेगळी होती.

त्याचं असं, की पुण्यात दोन इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. एक टेकडीवर, एक नदीकाठी. दोन्हींचीही खरी नावं कुठल्याशा शेठजींची आणि लांबलचक. पोरांनी ती कधी उच्चारलीच नाहीत. टेकडी आणि नदी, बस्स. टेकडीवाले नदीवाल्यांना डास म्हणायचे आणि नदीवाले टेकडीवाल्यांना शेळ्या. भांडण कशावरून सुरू झालं ते कुणालाच आठवत नाही. कुणी म्हणतं मॅचच्या आदल्या दिवशी स्टंप पळवले, कुणी म्हणतं गॅदरिंगचा भजीवाला पळवला. पुण्याची पोरं म्हटल्यावर भजीवाल्याचंच कारण जास्त पटतं.

शिकून, पासपोर्ट काढून, समुद्र ओलांडून माणसं सिंगापुरात आली, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. इथे माजी विद्यार्थ्यांची टेनिस बॉल क्रिकेटची लीग निघाली आणि टेकडी-नदी सामना दरवर्षी होऊ लागला. त्याबरोबर एक रिवाजही पडला. मॅचनंतर पंगत. जिंकलेल्यांनी मांडी घालून जेवायचं आणि हरलेल्यांनी वाढायचं. जिलबी मात्र हरलेल्या कप्तानानेच वाढायची, खांद्यावर टॉवेल टाकून, कमरेत वाकून, आग्रह करकरून.

टेकडीचा कप्तान प्रबोध. आणि टेकडी दरवर्षी हरायची.

नदीचा कप्तान सौमित्र आंग मो कियोला राहायचा आणि एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत मॅनेजर होता. तो पंगतीला असा बसायचा, की स्वतःच्याच लग्नात तो इतका ऐटीत बसला नसेल. प्रबोध जिलबीची परात घेऊन समोर आला, की तो हात पानावर आडवा धरायचा आणि म्हणायचा, "नको रे प्रबोध, खरंच नको." पण बोटांमध्ये फट अशी ठेवायचा, की तिच्यातून दोन जिलब्या सुखाने खाली उतरतील. प्रबोधने त्या फटीतून वर्षानुवर्षं जिलब्या सोडल्या होत्या. त्या हाताचा त्याला मनापासून राग होता आणि तसा हात एकदा तरी आपल्याला धरायला मिळावा, ही त्याची जगातली सगळ्यात मोठी इच्छा होती.

तो घरी सरावही करायचा. संजीवनी पोळी घेऊन आली, की तो हात आडवा धरून म्हणायचा, "नको गं, खरंच नको."

"नको तर नको," म्हणून ती पोळी परत घेऊन जायची. ती नागपूरच्या कॉमर्स कॉलेजची. तिला या प्रकरणात रस नव्हता.

"अगं, आग्रह करायचा असतो!"

"पप्पा, you said no what," त्यांची लेक आर्या फोनमधून मान वर न काढता सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची. "No means no lah."

तर यंदा त्याच्या आशेला पालवी फुटली होती, कारण टेकडीचा विक्रांत नावाचा पोरगा नवीन नोकरी धरून सिंगापुरात आला आणि क्वीन्सटाउनला राहू लागला. त्याचा बॉल असा वळायचा, की बॅट्समन आधी बॉलकडे आणि मग स्वतःच्या चष्म्याकडे संशयाने बघायचा. प्रबोधने त्याला पहिल्याच भेटीत घरी जेवायला बोलावलं आणि इतका आग्रह केला, की पोरगा घाबरला.

आणि नेमकं तेव्हाच निशिकांतला रिअलाइनमेंट सुचलं.

निशिकांत लीगचा सेक्रेटरी. माणूस चांगला, पण कन्सल्टंट. चालत्या गाड्याला खीळ घालून तिला प्रगती म्हणणं हा त्याचा व्यवसायच होता. त्याने सगळ्या कप्तानांना हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत बोलावलं, कोपी कॉफीचे कप बाजूला सारून लॅपटॉप उघडला आणि एमआरटी मेट्रोचा नकाशा दाखवला.

"कॉलेजच्या टीम बंद," तो म्हणाला. "काही कॉलेजांकडे माणसंच उरली नाहीत. आता जो ज्या लाइनवर राहतो त्या लाइनच्या टीममध्ये. लाल, हिरवी, जांभळी. प्रवास कमी, मैत्री जास्त."

"मग टेकडी-नदीचं काय?" प्रबोधने विचारलं.

"ते संपलं आता. वयं काय आपली!"

"कॉलेज काय भाड्याची खोली आहे, लीगने सांगितली की सोडायला? आणि मैत्री वाढवायला आम्ही क्रिकेट खेळतो, असं तुला कुणी सांगितलं?"

"प्रबोध बरोबर बोलतोय," पलीकडून सौमित्र म्हणाला.

प्रबोध दचकला. सौमित्रला आपलं म्हणणं पटलं असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे आपलं काहीतरी चुकलं असावं अशी शंका त्याला आली. पण उपयोग झाला नाही. "आमच्या टीममध्ये दोघंच राहिलोत आणि त्यातला एक अंपायर आहे," असं एक कप्तान कळवळून म्हणाला आणि बाकीच्यांनी हात वर केले.

खरा घोळ घरी आल्यावर लक्षात आला. लाल लाइन चोआ चू कांगहून वर वूडलंड्सला जाते आणि वळसा घालून खाली आंग मो कियोला येते. म्हणजे प्रबोध लाल आणि सौमित्रही लाल. विक्रांत क्वीन्सटाउनचा, म्हणून हिरवा.

"आता सौमित्र हरला तर मीही हरणार आणि तो जिंकला तर दोघंही पंगतीला बसणार," प्रबोध कपाळाला हात लावून म्हणाला. "मग तो मला वाढणार कधी?"

"मी वाढते की रोज," संजीवनी म्हणाली.

त्या रात्री त्याला पोळीही गोड लागली नाही. गंमत बाजूला ठेवून सांगायचं, तर त्याला खरंच वाईट वाटत होतं. वर्षभर बँकेत कुणी त्याच्याशी धड भांडतसुद्धा नव्हतं. सगळे 'नोटेड विथ थँक्स' म्हणायचे. शेळी म्हणून हाक मारणारं या बेटावर एकच माणूस होतं.

पहिलाच सामना लाल विरुद्ध हिरवी. निशिकांतने मैत्री वाढवण्यासाठी मुद्दाम प्रबोध आणि सौमित्र यांना मिळून कप्तान केलं आणि दोघांनाच ओपनिंगला पाठवलं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे त्याच्या स्लाइडवर नव्हतं.

पहिल्या ओव्हरला दोघंही एकमेकांकडे पाहत नव्हते. दुसऱ्या ओव्हरला विक्रांत बोलिंगला आला. सौमित्रने बॉल कसाबसा कोपऱ्यात ढकलला आणि ओरडला, "ये!"

आता खरं म्हणजे ती सरळ सोपी रन होती. आर्यासुद्धा फोन बघत बघत काढू शकली असती. पण नदीवाल्याच्या हाकेसरशी टेकडीवाल्याने धावायचं? प्रबोध क्रीजमध्ये खांबासारखा उभा राहिला. सौमित्र मात्र धावत त्याच्या शेजारी येऊन पोचला.

"ये म्हटलं ना तुला, शेळ्या!"

"हाक मी मारणार. मी सीनियर आहे."

"कशात सीनियर? हरण्यात?"

"भजीवाला कुणी पळवला होता, ते बोल आधी, डासा!"

"भजीवाला? स्टंप कुणी नेले?"

"परत जा!"

"तू जा!"

शेवटी दोघांनाही पटलं की आपण जावं, आणि दोघंही एकदमच पलीकडे धावत सुटले. तोवर विक्रांत बॉल हातात घेऊन सावकाश पलीकडच्या स्टंपपर्यंत चालत गेला होता. त्याने आधी अदबीने "सॉरी दादा" म्हटलं आणि मग बेल्स उडवल्या. दोघांत आउट कोण, यावर पुन्हा भांडण झालं. अंपायरने वैतागून सौमित्रला बाहेर काढलं, तर पुढच्याच बॉलला विक्रांतने प्रबोधचा मधला स्टंप काढला. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ. नंतर फिल्डिंगला एकच कॅच दोघांनी मिळून सोडला. लाल लाइन हरली.

पंगत निशिकांतच्या काँडो सोसायटीच्या फंक्शन रूममध्ये होती. केळीची पानं मांडलेली, मसालेभात, मठ्ठा आणि जिलबी. हिरवे लोक मांडी घालून बसले आणि प्रबोधने सवयीने टॉवेल खांद्यावर टाकला. फरक एवढाच, की यंदा शेजारी तसाच टॉवेल टाकून सौमित्र उभा होता. त्याला परात धड धरताही येत नव्हती.

"डाव्या हातावर तोल घे," प्रबोध म्हणाला. "आणि वाकताना पाठ नाही, गुडघे वाकव."

"शिकवू नकोस," सौमित्र म्हणाला आणि त्याने पहिल्याच पानावर पाच जिलब्या टाकल्या. ते पाहून प्रबोधने सहा टाकल्या. मग जे सुरू झालं त्याला आग्रह म्हणणं हा आग्रहाचा अपमान आहे. एक डावीकडून वाढायचा, दुसरा उजवीकडून. हिरव्या लाइनच्या लोकांनी हात आडवे धरले, पानावर ओणवे झाले, एक जण तर पान घेऊन पळाला. विक्रांत "दादा, पाया पडतो" म्हणाला. टेकडीचा पोरगा शेवटी एकदाचा जिंकलेल्यांच्या पंगतीत बसला होता आणि त्याला वाढताना प्रबोधला बरंही वाटत होतं, पण ती दुधाची तहान ताकावरच होती.

सगळे उठल्यावर वाढपी बसले. परातीत एकच जिलबी उरली होती. दोघंही तिच्याकडे बघत भात खात होते.

तेव्हा आर्याला घेऊन पंगतीला आलेली संजीवनीच म्हणाली, "सौमित्र, वाढ रे बाबा त्याला एकदा. घरी रोज प्रॅक्टिस करतो."

प्रबोध पानातला भात उगाच कालवू लागला. पण सौमित्र हसला नाही. तो उठला, टॉवेल नीट केला, परात उचलली आणि त्याच्यासमोर कमरेत वाकला.

"घे रे प्रबोध. एकच."

 प्रबोधने हात पानावर आडवा धरला. बोटांमध्ये फट ठेवली. "नको रे सौमित्र. खरंच नको."

"माझ्यासाठी घे."

"अरे पुरे, पुरे..." फट आणखी मोठी झाली.

सौमित्रने त्या फटीकडे क्षणभर पाहिलं. मग तो सरळ उभा राहिला आणि त्याने जिलबी स्वतःच्या तोंडात टाकली.

"अरे!" प्रबोध ओरडला.

"हरवलंस का मला?" सौमित्र भरल्या तोंडाने म्हणाला. "मग? ही फुकट खाल्लीस, तर पुन्हा माझ्याशी खेळायला येशील कशाला?"

"खेळू कुठे? लीगने बंद केलंय ना!"

"लीग खड्ड्यात गेली. पुढच्या रविवारी आमच्या ब्लॉकमागचं मैदान. तू तुझ्या शेळ्या आण." तो बोटं चाटत थांबला आणि जरा हळू म्हणाला, "तू नसलास तर मी हरवू कुणाला, सांग?"

 प्रबोधने मठ्ठ्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

लाल लाइनने घरी जाताना तो गालातल्या गालात हसत होता. आर्याने एकदा फोनमधून वर पाहिलं. "पप्पा, you never even get the jalebi. Why so happy?"

 तो स्वतःच्या गुडघ्यावर हात आडवा धरून बोटं कमी-जास्त उघडून बघत होता.

"संजीवनी," तो म्हणाला, "फट जरा जास्तच मोठी झाली का गं?"

"आधी कॅच पकड," संजीवनी म्हणाली.