स्वयंपाकघरातली आवक खिडकी

गल्लीत त्यांना सगळे आवक-जावक म्हणत. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. आलेल्या कागदावर तारखेचा शिक्का मारायचा आणि एका जाड वहीत नोंद करायची. गेलेल्या कागदाची नोंद दुसऱ्या जाड वहीत. कागदात काय लिहिलंय ते वाचणं त्यांच्या कामात बसत नव्हतं, म्हणून त्यांनी ते कधी वाचलं नाही. निवृत्तीच्या दिवशी कचेरीने त्यांना त्यांचाच शिक्का भेट दिला. त्यावरची सालांची पट्टी त्याच वर्षी संपत होती, त्यामुळे कचेरीचं काही नुकसान झालं नाही.

त्यांची शिल्लक म्हणजे बँकेतली एक मुदत ठेव. उत्पन्न इतकं बेताचं, की कर भरण्याचा मान त्यांना मिळायला नको होता. तसं सांगणारा फॉर्म त्यांनी बँकेत वेळेवर दिला आणि पोचही घेतली. बँकेने पोच दिली आणि व्याजातून करही कापला. दोन्ही कामं वेगवेगळ्या टेबलांवर होत असत.

झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर एक करसल्लागार बसायचा. आवक-जावक त्याच्याकडे गेले.

"पैसे आता बँकेकडे नाहीत, काका. तिने ते सरकारात भरले," तो म्हणाला. "आपण विवरणपत्र भरायचं. त्यात सांगायचं, की माझा कर शून्य आणि कापलाय एवढा. ते पडताळून बघतील आणि जास्तीचा परत करतील. त्याला म्हणायचं रिफंड. बक्षीस नाही, तुमचेच पैसे फिरून येतात."

"किती फिरतात?"

"कधी पंधरा दिवस, कधी पाच महिने. खातं चालू आहे ना? नीट जोडलंय ना? मग येतातच."

"पोच?"

त्याने पंधरा आकडी नंबर लिहून दिला. घरी येऊन त्यांनी तो जाड वहीत चढवला. दोन वर्षं कोरी पडलेली वही जरा सुखावल्यासारखी वाटली.

या पैशांवर एकच गोष्ट अडून होती आणि ती म्हणजे त्यांच्या बायकोचे कान. दोन वर्षांत दोन्ही कान हळूहळू कामावरून निवृत्त झाले होते. कोणी काहीही विचारलं, की बाई हसून "हो" म्हणत. शेजारणीने एकदा दारात काहीतरी विचारलं, या "हो" म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी दोन मांजरं घरात राहायला आली. परगावची मुलगी रविवारी फोन करी, तेव्हा बाई पहिल्या मिनिटाला "हो, जेवले" म्हणत आणि फोन नवऱ्याच्या हातात देत. नात नुकती बोलायला लागली होती. ती काय बोलते, हे आजीला आजोबांकडून कळे, आणि आजोबांचा सारांश आवक वहीतल्या नोंदीसारखा असे: "दोन शब्द बोलली. एक नवीन."

कानाच्या यंत्रांची किंमत रिफंडाच्या रकमेएवढीच होती. दुकानदाराने एक जोडी बाजूला काढून ठेवली. "या किमतीला अमुक महिन्याच्या अखेरीपर्यंत. पुढे नवं मॉडेल येतंय, ते दीडपट."

सव्वासहा महिने हाताशी होते. आवक-जावकांना घाई नव्हती. त्यांच्याकडे पद्धत होती. पत्राला उत्तर आलं नाही, तर पंधराव्या दिवशी स्मरणपत्र. चौतीस वर्षांत अशी हजारो स्मरणपत्रं त्यांनी वहीत चढवली होती. त्यांचं पुढे काय झालं, ते त्यांना माहीत नव्हतं, कारण ते दुसऱ्या विभागात होत असे. त्यांनी स्मरणपत्र क्रमांक एक पाठवलं. मग दोन. करसल्लागाराने संगणकात बघून सांगितलं, "तपासणी चालू." अकरावं पत्र पोचलं तेव्हाही तपासणी चालूच होती, आणि दुकानदाराच्या मुदतीला चोवीस दिवस उरले होते. दोन दिवस वाट पाहून, पद्धत मोडून, बारावं पत्र खिशात घालून ते स्वतःच करकचेरीत गेले.

तिसरा मजला, खिडकी सहा. लिफ्टपुढे कोणीतरी खुर्ची आडवी टाकून ठेवली होती, ती बरीच जुनी दिसत होती. खिडकीमागे एक बाई पाठीशी उशी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी नंबर टाकला, पडदा वाचला आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"अकरा पत्रं तुमचीच का?"

"बारा. बारावं हे घेऊन आलोय."

"ते खिशातच राहू द्या." बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे बघा. तुमचं प्रकरण पहिल्या महिन्यातच मंजूर व्हायला आलं होतं. पण तक्रार आली, की आमची सिस्टीम प्रकरण थांबवते आणि पहिल्यापासून तपासायला घेते. त्याला एकवीस दिवस लागतात."

"बरं."

"आणि तुम्ही दर पंधराव्या दिवशी पत्र पाठवता."

आवक-जावकांनी पडद्यावरच्या अकरा तारखा बोटाने एकेक करून मोजल्या. मागच्या माणसाने दोनदा खाकरून पाहिलं.

"म्हणजे मीच," ते म्हणाले.

"तुम्हीच असं नाही. नियमच तसा आहे," बाई थकल्या आवाजात म्हणाल्या. त्या हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणत असतील, ते त्या आवाजातच होतं. "अकरावं परवा आलंय. आजपासून एकोणीस दिवस काही करू नका."

"काही नाही म्हणजे नक्की काय करायचं?"

"काही नाही, काका. पत्र नाही, फोन नाही, इथे येणं नाही."

"तसं लिहून मिळेल?"

"लिहून दिलं, तर तो पत्रव्यवहार होईल."

एकोणीस दिवस म्हणजे मुदतीला तीन दिवस राखून. बारावं पत्र घेऊन ते घरी आले. लिहिलेलं पत्र न देता परत आणण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. एवढं सगळं ओरडून सांगण्याचं त्राण त्यांच्यात नव्हतं, म्हणून त्यांनी त्याच पत्राच्या पाठीवर सगळी हकीकत लिहिली आणि बायकोपुढे ठेवली.

बाईंनी ती दोनदा वाचली. "साडेपाच महिने," त्या म्हणाल्या. "एवढ्या चिकाटीने तुम्ही माझ्या माहेरी एक पत्र टाकलं असतं, तर आई खूश झाली असती." मग मांजरांना दूध घालायला निघून गेल्या.

पाच दिवस बरे गेले. सहाव्या दिवशी ते दोनदा कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत जाऊन आले. सातव्या दिवशी बाईंना उशीखाली पाकीट सापडलं. तिकीट लावलेलं.

"हे काय?"

"पाठवणार नव्हतो," ते ओरडून म्हणाले. "नुसतं लिहिलं. हाताला चैन पडेना."

बाईंनी पाकिटाकडे पाहिलं, नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये ताटं द्यायला एक चौकोनी खिडकी होती. त्या आत गेल्या, स्टूल ओढलं, शिक्का काढला, वाळलेल्या पॅडवर पाण्याचे चार थेंब टाकले आणि खिडकीतून म्हणाल्या, "पुढचा."

आवक-जावकांनी मागे वळून पाहिलं. मागे फक्त एक मांजर होतं.

"तुम्हीच. द्या इकडे. घाई असेल तर मोठ्या साहेबांना भेटा, मला ऐकू येत नाही."

त्यांनी पाकीट दिलं. बाईंनी शिक्का मारला. तारीख बरोबर, साल दोन वर्षांपूर्वीचं. पोच घेऊन आवक-जावक खुर्चीत बसले आणि त्या दुपारी दोन दिवसांत प्रथमच झोपले.

मग रोज साडेअकराला खिडकी उघडू लागली. फरक एवढाच, की या खिडकीवरचा कारकून आलेलं पत्र वाचत असे. पहिली तीन पत्रं कर परताव्याची होती. चौथ्याचा विषय होता, "मांजरांच्या मुक्कामाची मुदत." बाईंनी शेरा मारला, "तपासणी चालू." पाचव्याचा, "चहात साखर न मिळण्याबाबत." शेरा, "डॉक्टरांकडे वर्ग." आठव्या दिवशीचं पत्र नेहमीपेक्षा जरा वेळाने आलं. विषय: "खुलासा." मजकूर एका ओळीचा. "मी हल्ली मोठ्याने बोलतो, ते रागाने नाही, पण मोठ्याने बोललं, की रागच ऐकू येतो, आणि तुला तर तोही येत नाही, नुसता चेहरा दिसतो."

त्यावर बाईंनी शेरा मारला नाही. शिक्का मारून पत्र घडी केलं आणि डब्यात ठेवलं. त्या दिवशी चहात अर्धा चमचा साखर होती.

एकोणिसावा दिवस कोरा गेला. जेवणं झाली, भांडी झाली. ते फोन पुढ्यात घेऊन बसून होते आणि दर दहा मिनिटांनी तो उलटून ठेवत होते. विसाव्या दिवशीही काही नाही. त्यांनी चपला घातल्या.

"कुठे?" बाईंनी विचारलं.

"खिडकी सहा," त्यांनी सहा बोटं दाखवली.

बाई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "अहो, बसा. नाही आले, तर नाही आले. दोन वर्षं काढली, आणखी काढीन. पण तिथे गेलात, तर उरलेले कानही जातील."

ते बसले. चपला मात्र काढल्या नाहीत. चपला घालूनच ते दुपारचे जेवले.

दुकानदाराची मुदत संपायला एक दिवस होता, तेव्हा फोन वाजला. आवाज त्यांनीच ऐकला. त्यांनी चष्मा लावला, बँकेकडून आलेला मजकूर वाचला, पुन्हा वाचला आणि फोन खिडकीतून आत सरकवला. बाईंनी सवयीने शिक्का उचलला, मग खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी यंत्रं कानात बसली. घरी आल्यावर बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि थबकल्या. "हा फ्रिज एवढा ओरडतो? आणि तुम्ही काही बोलला नाहीत?" रविवारी मुलीचा फोन आला, तेव्हा पहिल्या मिनिटाला त्यांनी फोन दिला नाही, विसाव्यालाही दिला नाही. आवक-जावक हात पुढे करून बसले होते. शेवटी त्यांनी हात मागे घेतला.

सोमवारी साडेअकराला ते खिडकीपुढे उभे राहिले. हातात कागद होता.

"आता काय?" बाई म्हणाल्या. "हळू बोला, ऐकू येतंय."

"उशीर झाला म्हणून त्यांनी रिफंडावर व्याज दिलंय. मी हिशेब केला. अकरा रुपयांनी कमी आहे." ते घुटमळले. "साधी विचारणा आहे. तक्रार नाही."

बाईंनी कागद घेतला, शेवटपर्यंत वाचला, शिक्का मारला आणि पोच फाडून दिली.

"एकवीस दिवसांनी या," त्या म्हणाल्या आणि कागद डब्यात टाकला.