पहिल्या नंबरची जोडी

उत्तर आलं तेव्हा मी खुर्चीतून अशी ताडकन उठले की शेजारच्या परसूचा चहा त्याच्या कीबोर्डवर सांडला. तो ओरडत राहिला आणि मी प्रिंटरकडे धावले.

गोष्ट अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यातली. शिवाजीनगरात, म्हणजे पुण्यातल्या नव्हे, इथल्या कानडी मुलखातल्या, एका शिलाई मशिनच्या दुकानावर आमचं बारा जणांचं सॉफ्टवेअर ऑफिस होतं. सगळे मिळून एका बँकेच्या जुन्या प्रोग्रॅममधली दोन आकडी सालं चार आकडी करत होतो, कारण दोन हजार साल उजाडलं की सगळा कारभार कोलमडणार होता. हे काम मी सात महिने केलं होतं. आणखी सात महिने केलं असतं तर मला वेड लागलं असतं. एवढ्यासाठी का मी पुणं सोडलं होतं?

म्हणून मी रविवारी ऑफिसात बसून स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव ‘जवळीक’. ई-मेलमधला मजकूर न वाचता फक्त वरची माहिती घ्यायची: कुणी, कुणाला, किती वाजता पाठवलं आणि मेल केवढी होती. मग किती नियमित लिहितात, उत्तर किती लवकर देतात, आपणहून आधी कोण लिहितं, हे बघून त्या दोघांच्या जवळिकीला शंभरपैकी गुण द्यायचे. असलं काही कुणी केल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी तर हवेतच होते.

आमचे साहेब गुरुराज इथल्या जुन्या मराठी घराण्यातले. इथल्या मराठी मंडळाच्या ऐंशी घरांची मेल आमच्याच ऑफिसातून जायची. साहेबांनी सगळ्यांची परवानगी घेऊन वर्षभराची माहिती माझ्या हाती दिली आणि अट घातली.

“पहिल्या नंबरावर जी जोडी येईल ना सुखदा, त्यातल्या इथल्या माणसाला मी स्वतः फोन करणार. तो ‘होय, खरं आहे’ म्हणाला तर हाच तुझा प्रोजेक्ट. नाही म्हणाला तर सोमवारपासून परत बँक. सरी?”

“सरी, सर!” मीही कानडीत ‘ठीक आहे’ म्हणून टाकलं. मला स्वतःबद्दल सहसा शंका येत नाही.

पहिली जोडी निघाली चामराजपेटचे उमाकांत आणि अमेरिकेतली सिद्धी. शंभरपैकी शहाण्णव! दुसऱ्या नंबराला बहात्तर. साहेब शुक्रवारी संध्याकाळी सातला फोन करणार होते. मला कुठला धीर निघतोय! साडेपाचलाच कागदाची ती लांबलचक पट्टी गुंडाळून मी चामराजपेटची बस पकडली.

उमाकांत साठीचे, बारीक, इस्त्रीच्या शर्टातले. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर, त्यावर भरतकाम केलेलं झाकण. मी धापा टाकत सगळं सांगितलं, तर ते हसायलाच लागले.

“स्वल्प बसा हो. सिद्धी माझी कुणीच नव्हे. समोरच्या घरातली, ह्या पद्मक्काची मुलगी. आमच्या गल्लीत कॉम्प्युटर माझ्याकडंच आहे. सहा घरांची पोरं परदेशात, सगळी माझ्याच पत्त्यावर लिहितात. आया येऊन सांगतात, मी टाइप करतो. मी आपला पोस्टमन.”

खोलीत मटार सोलत बसलेल्या पद्मावतीबाईंनी मान डोलावली.

एक पत्ता म्हणजे एक माणूस, असं मी गृहीत धरलं होतं. पुण्यामुंबईच्या आमच्या जगात ज्याचा त्याचा पत्ता असतो, आणि इथे अख्खी गल्ली एका पत्त्यात राहत होती. घड्याळात साडेसहा. डोळ्यांसमोर बँकेची सालं नाचायला लागली.

तेवढ्यात मला भिंतीवरचा कागद दिसला. कुठल्या घरानं कधी यायचं त्याचं वेळापत्रक! पद्मावती, रविवार संध्याकाळ सहा. रत्नाकर, सोमवार सात. सगळ्यांच्या वेळा ठरलेल्या.

“पेन्सिल द्या!” मी जवळजवळ ओरडलेच.

कागद जमिनीवर पसरला आणि पद्मावतीबाईंच्या रविवारच्या मेल्स खोडत सुटले. मग बाकीच्या घरांच्या. वाटलं होतं, काहीच उरणार नाही. पण सिद्धीच्या नावासमोर ढीग तसाच होता. पहाटे सव्वापाच, पहाटे पाच वीस, पहाटे सव्वापाच. रोज!

“पहाटे कोण येतं टाइप करायला?” मी विचारलं.

उमाकांतांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. “मीच असतो. पाणी पहाटे येतं ना. तिकडं तेव्हा संध्याकाळ. ती विचारते, पाणी आलं का. मी सांगतो, आलं. झालं.”

“रोज?”

“रोजच. पण त्याला काय जवळीक म्हणायची? एका ओळीची तर मेल.”

“अण्णा, तुम्ही हो म्हणा की साहेबांना!” मी हात जोडायचीच बाकी होते.

“कसं म्हणू?” ते पद्मावतीबाईंकडे न बघता हळूच म्हणाले. “आई समोर बसलीय. दुसऱ्याच्या मुलीवर हक्क सांगायला मी कोण?”

पद्मावतीबाईंनी मटाराचं ताट बाजूला सरकवलं. “उमण्णा, आता सांगूनच टाकते. मीच तिला लिही म्हणाले होते. वहिनी गेल्या तेव्हा तुम्ही दार उघडणं बंद केलं होतं. सिद्धीला मी फोनवर सांगितलं, एक महिनाभर अण्णांना रोज काहीतरी विचार. उत्तर द्यायला तरी उठतील.”

त्या चांगल्या मनानंच बोलल्या होत्या. पण उमाकांतांचा चेहरा पाहवेना. “म्हणजे आईनं सांगितलेलं काम करत होती,” ते म्हणाले. “बरोबर आहे. चांगली पोर आहे.” आणि ते उगाच कॉम्प्युटरचं झाकण सारखं करायला लागले.

त्या क्षणी मला प्रोजेक्ट आठवलासुद्धा नाही, शपथेवर सांगते. मला इतका राग आला, कुणाचा ते कळेना. माझ्याकडे कागद होता ना! मी गुडघ्यांवर बसून तारखा बघायला लागले.

“पहिली मेल चौदा जून. महिना संपला चौदा जुलैला. त्यानंतरचे दहा महिने हे काय आहे मग?”

“सवय झाली असेल,” ते पुटपुटले.

बोट खाली खाली नेताना नोव्हेंबरात अडकलं. “इथे चार दिवस तुमच्याकडून एकही मेल नाही.”

“मोडेम बिघडला होता. दुरुस्त झाल्यावर सगळ्या एकदम आल्या. एकच ओळ परत परत. मशीनचा घोटाळा वाटून मी पुसून टाकल्या.”

मी मोजल्या. मग परत मोजल्या, कारण माझा विश्वासच बसेना.

“घोटाळा नाही अण्णा! प्रत्येकीची वेळ वेगळी आहे. त्या चार दिवसांत बाकी पाच घरांच्या पोरांनी मिळून तीन मेल पाठवल्या. सिद्धीनं सव्वीस! तिकडच्या रात्री दोनला, साडेतीनला, पाचला. ती झोपलीच नाहीये!”

उमाकांतांनी पद्मावतीबाईंकडे बघितलं.

“माझ्याकडं बघू नका,” त्या म्हणाल्या. “मला यातलं काही ठाऊक नाही. मला तिचा एक फोनसुद्धा आला नाही त्या आठवड्यात.” त्यांनी ताट पुन्हा जवळ ओढलं, मग त्या हसल्या. “आईला सोडून अण्णांना! येऊ दे तिला, बघते.”

उमाकांत माझ्याजवळ जमिनीवर येऊन बसले. त्या सव्वीस ओळींवरून त्यांनी एकेक करून बोट फिरवलं, शेवटच्या ओळीपर्यंत.

फोन वाजला. सात वाजले होते. मी जागची हलले नाही. उमाकांत उठले आणि त्यांनी रिसीव्हर उचलला.

“होय गुरुराज, मीच बोलतोय,” ते म्हणाले. आवाज चढलेला होता, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतका. “पहिला नंबर आमचाच. पण गुण चार कमी दिलेत हो मुलीनं.”