मोरूची झोप

झोपेत मोरू दूध पीत असल्यासारखे ओठ हलवायचा. मध्येच हसायचा आणि हसून झालं की मोठा सुस्कारा टाकायचा, जणू दिवसभर कुठं राबून आलाय. त्या दुपारी मी चिंचवडहून परतले तेव्हा यातलं काहीच नव्हतं. ओठ स्थिर होते. मूठ उघडून पाहिली तर ती तशीच उघडी राहिली.

"कधीचा झोपलाय हा?"

"तुमी गेलात आन् निजला म्हना," गोजाबाई म्हणाली. माझ्याकडे न बघता तिनं झोळीची दोरी सारखी केली, डोक्यावर पदर घेतला आणि "येते वैनी" म्हणून निघाली.

मी आले तेव्हा दाराला आतून कडी होती. मी वाजवण्याआधी आत ती काहीतरी बोलत होती, आणि कडी वाजताच गप्प झाली होती.

पिंपरीला औषधाचा कारखाना निघाला आणि भोवती आमची वसाहत उठली, त्याला फार दिवस झाले नव्हते. हे कारखान्यात रसायनांचं काम बघायचे. मी तत्त्वज्ञानाचं एम. ए. बाहेरून करत होते. लग्नात एकदा परीक्षा हुकली, मोरूच्या वेळी पुन्हा हुकली. या खेपेला बसले नाही तर पुस्तकं माळ्यावर जाणार, हे न बोलताही आम्हां दोघांना ठाऊक होतं. चिंचवड गावात दौलतराव नावाचे निवृत्त प्राध्यापक होते, त्यांच्याकडे मी दुपारी शिकायला जायची. तेवढा वेळ रहाटणीची गोजाबाई मोरूला सांभाळायची. ती होती म्हणून परीक्षा होती.

शेजारच्या सुमनताईंना मी सहज म्हणाले, "आमचा मोरू हल्ली दुपारी फार शहाण्यासारखा झोपतो हो."

त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. "गोजाबाईपाशी?"

"हो."

"आणि तुमच्यापाशी?"

"माझ्यापाशी कसला झोपतोय! माझ्या मानेला लोंबकळतो नुसता."

"मग बघा बाई जरा." त्यांनी आवाज खाली आणला. "खेड्यातल्या बायका रानात जाताना लेकराला अफू चाटवतात. नखाएवढी. पोर संध्याकाळपर्यंत हूं की चूं करत नाही. वाईट बुद्धीनं नाही करत हो त्या. पण..." आणि त्या 'पण'वर त्यांनी एक खडा काढून अंगणात भिरकावला.

यांना सांगितलं तर हे हातातलं वर्तमानपत्र ठेवून म्हणाले, "झोप काही आभाळातून पडत नाही, तिला कारण असतं. डोळ्यांतल्या बाहुल्या बघ त्याच्या. अफू असेल तर टाचणीच्या टोकाएवढ्या होतात."

मी मोरूला खिडकीशी नेऊन बाहुल्या पाहिल्या. बारीक होत्या. पण खिडकीतून ऊन येत होतं, आणि उन्हात कुणाच्याही होतात. मग आरशात माझ्या पाहिल्या. त्याही बारीकच. मोरूला वाटलं हा खेळ आहे, त्यानं माझं नाक धरलं.

दुसऱ्या खेपेला निघताना मी चप्पल घालायला मुद्दाम वेळ लावला. गोजाबाई मोरीत गेली. तिनं खळखळून चूळ भरली, कोपरापर्यंत हात धुतले आणि पदरानं एकेक बोट पुसलं. लहान मुलाला झोपवायचं तर एवढं हात धुवायचं काय कारण? काहीतरी कालवायचं असल्याशिवाय? वाटभर माझ्या डोळ्यांपुढून ती बोटं हलेनात.

दौलतराव त्या दिवशी भलतेच रंगात होते. परदेशात हल्ली 'आहे' या गोष्टीवरून जो वाद चालला होता, तो ते मला समजावत होते.

"एखादी गोष्ट आहे असं आपण केव्हा म्हणतो, सांगा. तिच्यावाचून आपलं म्हणणं अडतं तेव्हा. जंतू आहेत, कारण तुमच्या यजमानांचं सगळं शास्त्र त्यांच्या खांद्यावर उभं आहे. तसं पोर झोपेत का हसतं, हे सांगायला आमच्या आईला सटवाई लागायची. तिच्या हिशेबी सटवाई होती."

"म्हणजे जंतू आणि सटवाई सारखेच, सर?"

"एका पंगतीला बसलेत खरे. पण जंतू कामाला वाघ आहेत, म्हणून आपण त्यांना ठेवलं आणि सटवाईला निरोप दिला." ते स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसले. "आणि लक्षात ठेवा, विधानांची मोळी तोलायची ती सगळी. एक काटकी उपसून ही खरी की खोटी असं विचारलंत, तर ती काही बोलत नाही. त्याच पुराव्याला दुसरी गोष्टही चपखल बसते."

मी मान हलवत होते, आणि मनात माझी मोळी बांधून तयार होती. गाढ झोप, आतून कडी, धुतलेले हात, चुकवलेली नजर. हे सगळं सांगायला अफू लागत होती. अफू मी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. पण जंतू तरी मी कुठं पाहिले होते?

"सर, मला जायला हवं."

"अहो, विषय अर्ध्यात आहे!"

"माझं पोर घरी आहे, सर," एवढंच मला बोलता आलं.

मी अक्षरशः पळत सुटले. घराशी आल्यावर दाराकडे न जाता मागच्या खिडकीपाशी गेले आणि श्वास धरून उभी राहिले. आता बशीत बोट बुडताना दिसेल, आणि मग परीक्षाही गेली, गोजाबाईही गेली, असं वाटलं.

मोरू झोळीत होता, जागा. गोजाबाई दोरी ओढत होती. डोळे मिटलेले, पाठ ताठ. आणि जात्यावरच्या ओवीच्या चालीवर, एकेक शब्द जपून ठेवत ती म्हणत होती,

"नाथिंग इज पुरुड... बाय वन... सेंटन अलोन..."

मोरूची पापणी खाली आली. वर गेली. पुन्हा खाली आली.

ते माझं वाक्य होतं. एकटं वाक्य काहीच सिद्ध करू शकत नाही, असं परीक्षेसाठी तयार केलेल्या एका उत्तराचं पहिलं वाक्य. मोरूला झोके देत देत मी ते उत्तर थंडीभर घोकलं होतं.

मी पुढे येऊन कडी वाजवली. आवाज तुटला. दार उघडून गोजाबाईनं मला अवेळी समोर पाहिलं आणि ती खाली बसून माझे पायच धरायला लागली.

"अहो, हे काय! उठा आधी."

"चुकलं वैनी. म्या तुमचा मंतर चोरला."

"कसला मंत्र?"

"त्योच की. तुमी म्हनता न्हवं, झोळीपाशी. माझ्या ओव्यांनी लेकरू निजंना, रडून रडून निळं व्हायचं. एक डाव तुमचं म्हनून बघितलं तर गप निजलं. गुरूनं कानात दिल्याबिगर मंतर घेऊ न्हाई, उलटतो, हे ठावं हाय मला. म्हनून चूळ भरत हुते, हात धूत हुते. दुपारची मिशरी सोडली बगा. तरीबी जिवाला घोर. निजला की दर घडीला त्याच्या नाकापाशी बोट धरून बगायची, श्वास हाय का न्हाई."

"गोजाबाई, तो मंत्र नाही हो. इंग्रजी आहे. परीक्षेचं उत्तर."

"व्हय. पर निजतं न्हवं?"

"त्याचा अर्थ झोपेचा नाहीच मुळी!"

"आमच्या गावच्या भगताच्या मंतराचा तरी अर्थ कुनाला ठावं हाय?" तिनं डोळे पुसले. "द्यायचा नसंल तर तसं सांगा. चोरीचा म्हनून लेकराला बाधा नको. उद्यापास्नं न्हाई यायची मी."

मला सांगता आलं असतं. ही लय आहे, सवय आहे, पोर आईच्या घोकण्याला सरावलंय. हे म्हणणं कामाला चांगलं होतं, पण तेवढ्यानं गोजाबाई उद्या आली नसती. आणि झोळीत मोरूचे ओठ हलायला लागले होते, दूध पीत असल्यासारखे.

"बसा," मी म्हणाले. "पूर्वेला तोंड करून."

ती लगेच सावरून बसली. पदर पुढे ओढला, डोळे मिटले. तिच्या कानाशी वाकून मी ते वाक्य सावकाश म्हटलं, पुरतं, चूक न करता. ती ओठातल्या ओठात माझ्यामागून म्हणत गेली. म्हणता म्हणता मी तिचा उजवा हात हातात घेतला, देणाऱ्यानं घ्यावा तसा, आणि हळूच वर नाकापाशी नेला. साबणाचा वास होता. मोरूच्या टाळूवरचं तेल होतं.

मी मान वर केली तर ती डोळे उघडून माझ्याकडेच बघत होती.

"काय वैनी?"

"काही नाही."

"बगा की," असं म्हणून तिनं डावा हातही माझ्यापुढे केला.

मी त्याचाही वास घेतला.